पुठ्ठेकाकांचं कोरं पान

वाचनालयाच्या जिन्याखाली दहा बाय बाराची एक खोली होती आणि त्या खोलीत अडतीस वर्षं पुठ्ठेकाका होते. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. बाकी सगळे त्यांना पुठ्ठेकाका म्हणत, कारण त्यांच्या हातात, काखेत, नाहीतर दुपारच्या डुलकीला डोक्याखाली पुठ्ठा हा असायचाच. फाटलेली, उसवलेली, कुत्र्याने चावलेली, चहात बुडलेली पुस्तकं या खोलीत यायची आणि चार दिवसांनी लाल कापडाच्या पाठीवर सोनेरी नाव मिरवत शहाण्यासारखी बाहेर जायची.

एवढी पुस्तकं हाताखालून गेली, पण काकांनी त्यातलं एकही वाचलं नव्हतं. हा आळस नव्हता, शिस्त होती. ज्या उस्तादाकडे ते काम शिकले त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाइंडरनं वाचायचं नाही. वाचायला लागलास की खळ वाळते." पिठाची खळ पुठ्ठ्याला फासली की पाच मिनिटांत कापड बसवावं लागतं. त्या पाच मिनिटांत जर राजकन्येचं काय झालं ते बघत बसलं, तर राजकन्या सुटते आणि पुस्तक वाकडं होतं. काकांनी हा नियम देवाच्या शब्दासारखा पाळला. मात्र न वाचताही त्यांना पुस्तकाबद्दल पुष्कळ कळायचं. पानांच्या कडांवर बोटांचा मळ कुठपर्यंत चढलाय ते बघून ते सांगत, "हे बघा, चाळिसाव्या पानापर्यंत लोक गेलेत. पुढे कुणी फिरकलेलं नाही." लिहिणाऱ्याला हे कळलं असतं तर त्याने लेखणी मोडून ठेवली असती. काकांना त्याचं काही वाटत नसे. ते शिवायचे आणि पुढचं पुस्तक घ्यायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वाचनालयाला नवे अध्यक्ष मिळाले. यांचा न्हाणीघराच्या फरशांचा मोठा धंदा होता आणि आकड्यांवर नितांत प्रेम होतं. पहिल्याच फेरीत ते काकांच्या खोलीत डोकावले आणि म्हणाले,

"या खोलीचे वाचक किती?"

सोबत ग्रंथपालबाई होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, ही बांधणीची खोली आहे. इथे कुणी वाचत नाही."

"तेच म्हणतोय मी," अध्यक्ष म्हणाले. जणू चोर सापडला होता.

बाईंनी समजावून पाहिलं की पुस्तकं शिवली नाहीत तर वरचे वाचक वाचणार काय. पण अध्यक्षांना वरचे वाचक वेगळे आणि खालचे वेगळे असे दोन रकान्यांत हवे होते. शेवटी त्यांनी तोडगा काढला. आजकाल सगळं नेटवर असतं. बांधणी विभागाचा ब्लॉग काढा. वर्ष संपायच्या आत हजार वाचक दाखवा, खोली तुमची. नाही दाखवले, तर इथे कॉपी काढायचं मशीन बसेल. त्याच्यासमोर निदान रांग तरी दिसते.

काकांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. ती तीन वर्षं या खोलीतच काढायची आणि शेवटच्या दिवशी शिकंज्याला तेल घालून किल्ली बाईंच्या हातात द्यायची, एवढंच त्यांनी आयुष्याकडे मागितलं होतं. शिकंजा म्हणजे बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र. तो जिन्याखाली एकदा बसवला होता तो बसवलाच होता. हलवायचा तर दार काढावं लागलं असतं.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू एका शाळेच्या कचेरीत हजेरीपट सांभाळत. त्यामुळे हजर किती आणि नुसती नावं किती, यातला फरक त्यांना जन्मजात कळायचा. त्या म्हणाल्या, "माझ्या भावाला विचारा. तो त्यातलाच आहे."

काकूंचा भाऊ विम्याच्या नोकरीतून लवकर सुटला होता आणि तेव्हापासून जगाला शिकवत सुटला होता. 'नवोदित ब्लॉगलेखकांसाठी एकवीस सूचना' हा त्याचा ब्लॉग होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण ज्याने केली त्याने या मेहुण्याला कुठेतरी पाहिलं असणार. "तुझ्या ब्लॉगला वाचक किती रे?" असं काकांनी विचारलं तर तो म्हणाला, "वाचक हा प्रवास असतो, भाऊजी. आकडा नव्हे."

"मला आकडाच हवाय," काका म्हणाले.

"मग सूचना क्रमांक एक. आधी रूप. माणूस आत आल्या आल्या दिपला पाहिजे."

हे काकांना एकदम पटलं. आधी रूप! अडतीस वर्षं दुसरं काय केलं होतं त्यांनी? मेहुण्याने तयार साच्यांची एक लांबलचक यादी उघडली. काकांनी प्रत्येक साचा कापडाचा तागा बघावा तसा बघितला. बोटाने पडदा चोळूनही पाहिला. रंग ठरवायला तीन आठवडे गेले. त्यांना वाचनालयाच्या कापडाचा तोच लाल हवा होता आणि मेहुण्याच्या यादीत लालचे दोनशे प्रकार असूनही तो नव्हता. शेवटी काकांनी कापडाचा तुकडाच आणून पडद्याला टेकवला आणि तसा रंग करून घेतला. त्यावर नाव सोनेरी.

"पण हे नाव पाठीवर कधी येणार?" काकांनी विचारलं.

"ब्लॉगला पाठ नसते, भाऊजी."

"पाठ नसते? मग तो उभा कसा राहतो?"

मेहुण्याने सूचनांची यादी वरपासून खालपर्यंत चाळली. त्याच्या एकवीस सूचनांत ते नव्हतं.

त्यानंतर बाजूच्या पट्टीत घड्याळ आलं. तारीख आली. हवामान आलं, तेही काकांनी कधी न पाहिलेल्या एका बंदराचं, कारण मेहुण्याला ते बदलता येईना. चंद्राच्या कला आल्या. माउस हलवला की मागे मागे पोहत येणारा एक सोनेरी मासा आला. काका त्या माशाला इतके भुलले की एका रविवारी त्यांनी दुपारचं जेवण थंड केलं. सर्वांत शेवटी खाली उजवीकडे वाचक मोजणारा आकडा बसला. तो पहिल्या आठवड्यात सव्वाशेवर गेला, तेव्हा काकांनी घरात हसत हसत ही बातमी दिली. काकूंनी विचारलं, "आणि तुम्ही स्वतः किती वेळा उघडलात?" काकांनी बोटांवर हिशेब केला. एकशे एकवीस वेळा ते आत जाऊन मासा बघून आले होते. उरलेल्या चार वेळा मेहुणा.

मग 'माझ्याविषयी' हे पान झालं. त्यात काकांनी पुठ्ठ्याचे प्रकार लिहिले. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, यात तुम्ही कुठे आहात?" काका म्हणाले, "मग पुठ्ठा कोण कापतो?"

या सगळ्यात पाच महिने गेले. काकू एकदा मागे येऊन उभ्या राहिल्या. लाल, सोनेरी, घड्याळ, चंद्र, मासा सगळं बघून म्हणाल्या, "झकास झालंय हो. पण आत काय आहे?"

"आतलं येईल की. कव्हर झालं की आतलं येतंच."

"कुठून येतं?"

काकांना हा प्रश्न विचित्र वाटला. आतलं नेहमी येतंच असे. कुणीतरी लिहिलेलं, कुणीतरी छापलेलं, गठ्ठा बांधून टेबलावर येऊन पडत असे. आतलं आपण आणायचं असतं, हे त्यांना साठीकडे झुकताना पहिल्यांदा कळत होतं. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो वासा आता त्यांच्याच डोक्यावर होता.

तरी सुरुवात तर करायची होती. काकांनी ती बाइंडर जशी करेल तशीच केली. कुठल्याही पुस्तकाला पहिलं पान कोरं लागतं. ते नसेल तर पुठ्ठ्याचा सगळा ताण मजकुरावर येतो आणि मजकूर फाटतो. म्हणून काकांनी ब्लॉगवर पहिलं पान कोरं टाकलं. मथळ्याच्या जागी काही लिहिल्याशिवाय यंत्र पुढे जाईना, म्हणून तिथे लिहिलं, 'पहिलं पान'. खाली काही नाही. मग त्यांनी निर्धास्तपणे चहा घेतला.

मेहुण्याने ते उघडूनही पाहिलं नाही. काहीतरी पडलंय एवढं त्याला पुरलं. सूचना क्रमांक बारा, प्रसार! त्याने दुवा सगळीकडे पाठवला. इमारतीच्या गटावर, जुन्या वर्गमित्रांच्या गटावर, विम्यातल्या निवृत्तांच्या गटावर, आणि एका गुडघेदुखीच्या गटावर, जिथे लोकांना बसून राहण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. सूचना क्रमांक चौदानुसार त्याने दीडशे अनोळखी ब्लॉगांवर जाऊन 'फारच सुंदर! आमच्याकडेही या' असं लिहिलं. ते दीडशे लेखकही अशाच कुणाच्या तरी सूचना वाचून बसलेले. तेही आले आणि 'फारच सुंदर! आमच्याकडेही या' लिहून गेले. देवाणघेवाण चोख झाली. वाचण्याच्या भानगडीत दोन्हीकडचं कुणी पडलं नाही.

आणि मग कोऱ्या पानाखाली अभिप्राय येऊ लागले.

'अप्रतिम! डोळ्यांत पाणी आलं.'

'इतक्या कमी शब्दांत इतकं मोठं सांगणं सोपं नाही.'

'शेवट अनपेक्षित.'

गुडघेदुखीच्या गटातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मात्र खडसावलं, 'सहमत नाही. लेखकाने दुसरी बाजूही मांडायला हवी होती.' त्यावर विम्यातल्या एकाने त्यांना सुनावलं की आधी नीट वाचा आणि मग बोला. मुख्याध्यापक म्हणाले, मी तीनदा वाचलंय. भांडण चाळीस अभिप्रायांपर्यंत पोचलं. बघ्यांची गर्दी झाली. आकडा चारशेवर गेला.

काकांना घाम फुटला. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. "अरे, पान कोरं आहे!"

"कुठलं?"

"हेच! ज्याच्यावर भांडतायत ते!"

मेहुण्याने तिकडे पान उघडून पाहिलं. मग विम्यातल्या मुरलेल्या आवाजात म्हणाला, "भाऊजी, हात लावू नका. आता एक अक्षर जरी लिहिलंत तरी लोक निघून जातील."

पण काका सरळ माणूस. आपल्या कारखान्यातून पुठ्ठ्यात गुंडाळलेली हवा बाहेर जातेय, याची त्यांना लाज वाटली. मनापासून लाज वाटली. त्यांनी लिहायला घेतलं. आयुष्यात अर्ज आणि साहित्याच्या याद्या सोडून काही लिहिलेलं नव्हतं. नऊ दिवस रोज कामावरून आल्यावर ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसत, एक ओळ लिहीत आणि दोन खोडत. लिहिलं ते असं होतं:

'सुटं झालेलं पान चिकटपट्टीने लावू नका. पट्टी पिवळी पडते आणि शेजारच्या पानालाही घेऊन जाते. सुई आणि जाड दोरा घ्या. दोरा ओढताना वर ओढू नका, कागद फाटेल. पाठीच्या दिशेने, तिला समांतर ओढा. गाठ आतून मारा. घाई करू नका. हे पुस्तक तुमच्या आधी कुणीतरी हातात धरलेलं आहे आणि तुमच्यानंतर कुणीतरी धरणार आहे. तुम्ही मधले आहात. मधल्याने घाई केली की दोन्हीकडचे सुटतात.'

काकूंनी ते वाचलं आणि चष्मा पुसला. म्हणाल्या, "हे तुम्हाला येत होतं?"

काकांनी ते ब्लॉगवर टाकलं आणि आठवडाभर वाट पाहिली. प्रत्येक पानाचे वाचक वेगळे मोजायची सोय मेहुण्याने करून दिली होती. कोऱ्या पानाचे नऊशे बारा. सुईदोऱ्याच्या पानाचे तीन. तिघांतले एक काका स्वतः. दुसरा मेहुणा, ज्याने लगेच कळवलं की मथळा बदला, 'पान शिवताना होणाऱ्या सात चुका, पाचवी वाचून हादराल' असा करा. काका म्हणाले, पाच चुका मुळात नाहीतच. तिसरं कोण ते कळलं नाही. चुकून बोट पडलं असेल कुणाचं.

काकांना वाईट वाटलं. मळ न चढलेल्या कडा त्यांनी आयुष्यभर पाहिल्या होत्या, पण त्या दुसऱ्याच्या होत्या. ही कोरी कडा त्यांची स्वतःची होती. त्या संध्याकाळी ते माशालासुद्धा भेटायला गेले नाहीत.

वर्ष संपायला अकरा दिवस असताना आकडा हजारावर गेला. सगळी कमाई कोऱ्या पानाची. विश्वस्तांची सभा भरली. काकांना इस्त्रीचा शर्ट घालून बोलावण्यात आलं. अध्यक्ष उभे राहिले.

"मी स्वतः वाचलं," ते म्हणाले, "पहिल्या पानातला शब्द न शब्द वाचला. काका, तुम्ही आमचे डोळे उघडलेत."

काका बुटांकडे बघत उभे राहिले. खरं सांगावं असं जिभेवर आलं होतं. पण समोर खोली दिसत होती, शिकंजा दिसत होता. त्यांनी जीभ आवरली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वाकडं शिवलेलं काम सरळ म्हणून दिलं.

"हजार लोक!" अध्यक्ष पुढे म्हणाले. "हजार लोकांपर्यंत बांधणीची कला घरबसल्या पोचली. म्हणजे आज हजार घरांत बाइंडर तयार आहे. मग मला सांगा, या जमान्यात आपल्याला जिन्याखाली वेगळा बाइंडर, वेगळी खोली, ही चैन हवी कशाला?"

ग्रंथपालबाई उठून म्हणाल्या, "साहेब, ठरलं होतं की..."

"ठरलं तेव्हा यश इतकं मोठं असेल हे कुठे माहीत होतं?" अध्यक्ष म्हणाले, आणि टाळ्या झाल्या. काकांना चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. पगार तोच, पद नवं, 'ऑनलाइन सल्लागार', बसायची जागा स्वतःचं घर. शिकंजा काढताना खरोखरच दार काढावं लागलं. तो मागच्या बोळकांडीत भिंतीला टेकवून ठेवला आणि खोलीत कॉपी मशीन बसलं. कानामागून आली आणि तिखट झाली.

घरी काकांना करायला काही उरलं नाही. त्यांनी प्रमाणपत्राची चौकट उघडून पाहिली. मागचा पुठ्ठा हलक्यातला होता. तो त्यांनी बदलला. मेहुणा अभिनंदनाला आला आणि म्हणाला, "बघा, माझ्या सूचनांनी काय झालं." काकूंनी त्याला चहा न देता परत पाठवलं. सख्ख्या भावाच्या बाबतीत हे त्यांनी पहिल्यांदाच केलं.

दोन महिने गेले आणि एका दुपारी ग्रंथपालबाईंचा फोन आला.

"काका, एक विचारायचं होतं. गाठ आतून मारा असं तुम्ही लिहिलंय. आतून म्हणजे घडीच्या आतून की पाठीच्या?"

काका उठून उभे राहिले. "तुम्ही वाचलंत ते?"

"म्हणजे काय! तुम्ही टाकलंत त्याच दिवशी वाचलं. तेव्हा नुसतंच वाचलं, आवडलं म्हणून. आता शिवायला बसलेय. पण मला जमत नाहीये हो. ते मधले असण्याचं कळतं, गाठीचं कळत नाही."

तिसरं बोट हे होतं तर. चुकून पडलेलं नव्हतं.

काकांनी चप्पल घातली आणि थेट वाचनालय गाठलं. त्यांच्या जुन्या दाराशी रांग होती. अध्यक्षांचा तेवढा शब्द खरा निघाला होता. लोक पुस्तक मशीनवर पालथं घालायचे, पान नीट यावं म्हणून वरून तळहाताने दाबायचे आणि प्रत्येक दाबाला आतून एक बारीक कडकन आवाज यायचा. पाठ मोडल्याचा आवाज. दोन महिन्यांत मशीनने जेवढी पुस्तकं मोडली तेवढी काकांकडे दोन वर्षांत येत नसत. मोडलेल्यांचा ढीग बोळकांडीत, शिकंज्याला टेकून पडला होता. त्यापुढे बाई एका डुगडुगत्या टेबलाशी बसल्या होत्या. बोटाला चिकटपट्टी लावलेली, सुई टोचून घेतलेली. समोर फोन, फोनवर काकांचं ते लाल पान. मासा त्यांच्या अंगठ्याला घाबरून कोपऱ्यात बसला होता.

"हजार घरांतल्या बाइंडरांपैकी कुणी आलं नाही वाटतं," काका म्हणाले.

बाई इतक्या हसल्या की रांगेतले लोक वळून बघू लागले. काकांनी खुर्ची ओढली. बाईंची वाकडी शिवण उसवली नाही. फक्त गाठ सोडवून घडीच्या आतून मारून दाखवली. मग खळ कालवली, ढिगातलं वरचं पुस्तक घेतलं, पुठ्ठा कापला आणि खळ फासली.

सवयीने त्यांनी पानांची कडा बघितली. मळ एकोणिसाव्या पानापर्यंत होता. पुढे पांढरी कोरी कडा, शेवटापर्यंत. कुणीतरी हे नऊ दिवस लिहिलं असेल, नाहीतर नऊ वर्षं. एक ओळ लिहून दोन खोडल्या असतील. आणि आपण अडतीस वर्षं अशा हजारोंना नवी कव्हरं घातली, 'फारच सुंदर' म्हणून पुढे पाठवलं आणि आत एकदाही पाहिलं नाही. काकांचे कान तापले. गुडघेदुखीच्या गटाने जे एकदा केलं, ते त्यांनी रोज केलं होतं.

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला आणि विसावं पान उघडलं.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "काका, खळ वाळली."

"वाळू दे," काकांनी पान उलटत म्हटलं. "दुसरी करतो."